पालथी डोणी

या मित्रांनो, या. असे जवळ सरकून बसा. उन्हात नको, या कडुनिंबाच्या सावलीत बसा. मांडी नीट घाला आणि शेजारच्याला चिमटे काढायचं काम थोडा वेळ राहू द्या. आज मी तुम्हाला एक कथा सांगणार आहे. कीर्तनात बुवा आधी निरूपण करतात आणि मग आख्यानाला हात घालतात. मला निरूपण कुठलं येणार? मी आपली सरळ आख्यानालाच लागते. माझ्या आख्यानात राजा नाही, राक्षस नाही. एक कुत्री आहे, एक भाकर आहे आणि एक एकादशी आहे. पण खरं सांगते, एवढ्यावरही माणसाच्या डोळ्यांत पाणी येतं.

मी एक जुनी दगडी डोणी आहे. डोणी म्हणजे जनावरांना पाणी पिण्यासाठी दगडात कोरलेलं भांडं. गाईबैलांच्या डोण्या लांबलचक आणि ऐसपैस असतात. मी त्यांच्यापुढे चिमुरडी. एका कुत्र्याचं तोंड मावेल, एवढंच माझं पोट.

माझा जन्म बहात्तरच्या दुष्काळातला. म्हणजे दगड म्हणून मी पृथ्वीच्या पाठीवर कधीची पडून होते, पण डोणी झाले ती त्या वर्षी. कामरगावच्या शिवाराबाहेर रस्त्यासाठी खडी फोडायचं सरकारी काम निघालं होतं. सारा गाव तिथं हातोडा घेऊन बसे. जानराव आणि त्यांची बायको सोजरबाईही त्यात होते. दोन्ही लेकी सासरी नांदत होत्या, घरात ही दोघंच. माझ्या आजूबाजूचे भाऊबंद रोज फुटून खडी होत होते आणि माझीही पाळी जवळ आली होती. पण माझ्या अंगावर एक उपजत खळगा होता. तोच मला तारून गेला.

झालं असं, की त्या कामावर एक काळंपांढरं पिल्लू भटकत आलं. आई कुठं हरवली कोण जाणे. जीभ बाहेर, पाय लटपटत. सोजरबाईनं आपल्या गाडग्यात उरलेलं पाणी माझ्या खळग्यात ओतलं. पिल्लू चपचप करत पिऊ लागलं. मित्रांनो, तो आवाज मी अजून विसरले नाही. अंगावर हातोडे सोसायची तयारी केलेल्या दगडाला पहिल्यांदा कोणीतरी जिभेनं स्पर्श केला होता.

मुकादम म्हणाला, हाही दगड फोडायला घ्या. सोजरबाई म्हणाली, याच्या बदल्यात दुसरे चार फोडते, पण हा राहू द्या. तिथं एक वडार पाथरवट होता. जेवायच्या सुट्टीत त्यानं छिन्नी घेऊन माझा खळगा खोल केला, कडा घासून गुळगुळीत केल्या आणि बुड सपाट केलं, म्हणजे मी लवंडू नये. सोजरबाईनं दुष्काळात सरकारकडून मिळणारी, आपल्या वाटची मूठभर सुकडी त्याच्यापुढे धरली. त्यानं ती त्या पिल्लाच्याच पुढे टाकली आणि हसून आपल्या दगडांकडे वळला. माझ्या कपाळी पहिला नैवेद्य पडला तो असा.

पिल्लाच्या कपाळावर चंद्रकोरीसारखा पांढरा डाग होता, म्हणून तिचं नाव चंद्री. तिला सोजरबाईनं कडेवर घेतलं, मला जानरावांनी डोक्यावर. अशी आमची दोघींची वरात कामरगावात शिरली.

घर मारुतीच्या देवळासमोर होतं. अंगणात हा कडुनिंब, निंबाखाली मी. देवळात भजन रंगलं की झांजांची थरथर जमिनीतून माझ्या बुडाला लागे. पुढे देवळावर बॅटरीचा भोंगा आला, तेव्हापासून तर कीर्तनातला शब्दन्‌ शब्द मला ऐकू येऊ लागला. दगडाला कान नसतात म्हणतात. नसतील. पण वर्षानुवर्षं कीर्तन ऐकलं की दगडालाही पाझर फुटतो, हे मी स्वतःच्या अनुभवानं सांगते.

ते दिवस माझ्या सुखाचे. सकाळी सडा टाकून झाला की सोजरबाई मला राखेनं आणि नारळाच्या शेंडीनं घासायची. शिळं पाणी झाडाच्या बुंध्याला, ताजं माझ्या पोटात. उन्हाळ्यात दुपारी पुन्हा बदलायची, कारण तापलेलं पाणी चंद्री तोंडात घेत नसे. संध्याकाळी ज्वारीची भाकर ताकात कुस्करून, तिखटाचा हात न लावता, माझ्यात पडायची. चंद्री जेवत असली की तिच्या अंगाला कोणी हात लावायचा नाही, हा सोजरबाईचा नियम. जेवत्या जीवाला छेडू नये म्हणायची, मग तो कुत्रा असो की नवरा. दुपारी ती चंद्रीला मांडीवर आडवी घेई आणि कानामागचे गोचीड एकेक करून काढून रॉकेलच्या वाटीत टाकी. चंद्री डोळे मिटून पडून राही. दिवाळीत फटाके सुरू झाले की तिला आतल्या खोलीत घेऊन दार लोटून घेत असे.

घरात एक मांजरही होती, भुरी. तिची वाटी निराळी, चुलीमागं उंचावर. कुत्र्याच्या ताटात मांजरीला आणि मांजरीच्या वाटीत कुत्र्याला गोडी वाटत नाही, उगाच भांडण लागतं. भुरी मात्र स्वतःची वाटी चाटून झाली की ऐटीत खाली यायची आणि माझ्यातलं पाणी पिऊन जायची. चंद्री बिचारी बाजूला सरकून उभी राहायची. म्हणतात ना, ज्याच्या मिशा त्याचा मान.

आता जानरावांचं सांगते. माणूस सोन्याचा. शेतातून आला की हातपाय धुवायचे आणि टाळ गळ्यात अडकवायचे. पंचक्रोशीत कुठंही कीर्तन असो, जानराव टाळकऱ्यांच्या ओळीत उभे. महिन्याच्या दोन्ही एकादश्या कडक. त्या दिवशी घरात भाकर होत नसे. चुलीवर तवाच चढायचा नाही. भगर आणि दाण्याची आमटी एवढंच. आणि चंद्री? चंद्रीला त्या दिवशी भगरीचा गोळा मिळे. तिला तो फारसा आवडत नसे, पण पोटापुरता खाई. तिथपर्यंत सगळं ठीक होतं.

बिघडलं ते एका थट्टेमुळे. कार्तिकातल्या वद्य एकादशीला देवळाच्या पारावर माणसं बसली होती. चंद्री जानरावांच्या वहाणांजवळ पुढचे पाय पसरून पडली होती. आदल्या दिवशी तिनं लग्नाच्या पंगतीतलं नाही नाही ते खाल्लं होतं. पोट बिघडलं होतं आणि सकाळपासून ती गवत खाऊन ओकत होती. किराणा दुकानवाले उकंडराव तिथं आले. थट्टेखोर माणूस. कोणाच्या तरी शिदोरीतला भाकरीचा तुकडा त्यांनी चंद्रीपुढे टाकला. तिनं हुंगला आणि तोंड फिरवलं.

"पाहा बाप्पा," उकंडराव म्हणाले, "जानरावची कुत्रीबी एकादशी धरून राह्यली."

सारे हसले. उकंडरावही हसले आणि दुकानात जाऊन बसले. पण मित्रांनो, गावातल्या थट्टेला पाय असतात. पुढच्या एकादशीला ती चालत पुन्हा पारावर आली, तेव्हा कोणी हसलं नाही. पाहुणा आलेला एक म्हातारा म्हणाला, ही मागल्या जन्मीची कोणी योगिनी असली पाहिजे. दुसरा म्हणाला, कीर्तन संपेस्तोवर ती उठत नाही, ही काय साधी गोष्ट आहे? जानराव उठत नाहीत म्हणून ती उठत नाही, एवढं साधं कोणाच्या ध्यानात येईना. बायका आपल्या लेकरांना सांगू लागल्या, बघ, कुत्रीसुद्धा उपास धरते आणि तू सकाळपासून चरतोस. एकादशीच्या दुसऱ्या दिवशी लोक तिच्यासाठी पेढे आणू लागले, केळी आणू लागले, साखरेचे खडे आणू लागले. कोणी हळदीकुंकू लावलं. चंद्रीनं ते जिभेनं चाटून टाकलं. गोडानं तिच्या अंगाला खाज सुटली, पण तिकडे कोण पाहतो?

जानरावांचा जीव मात्र आनंदानं भरून आला. ते ढोंगी नव्हते हो. त्यांना मनापासून वाटायचं, की हे मुकं जनावर आपल्या दाराशी आलं ते तरून जाण्यासाठीच. पुढच्या जन्मी हिला माणसाचा देह मिळावा. म्हणून तिच्या उपासात कुठं उणं राहू नये, याची ते काळजी घेऊ लागले. एकादशीला तिला निंबाला दाव्यानं बांधू लागले, म्हणजे ती उकिरड्यावर जाऊन कशाला तोंड लावणार नाही. भगरही बंद झाली. आणि मला त्यांनी पालथं घातलं.

पालथं. मित्रांनो, भांड्याला याहून मोठं दुःख नाही. तोंड मातीत, पाठ उन्हात. माझी काळजी नका करू, मी दगड आहे. पण चंद्री यायची, माझ्याभोवती हुंगत फिरायची, नाकानं मला ढोसायची. मग माझ्यावर हनुवटी टेकून पडून राहायची. लोक म्हणत, बघा किती शांत आहे. आतली गोष्ट मला ठाऊक होती. ती शांत नव्हती. ती वाट पाहत होती.

सोजरबाईला हे पटत नव्हतं. पण तीही एकादशी पाळणारी बाई. कोणाचा उपास मोडला तर ते पाप मोडणाऱ्याच्या माथी, हे तिनं लहानपणापासून ऐकलेलं. त्यामुळे ती गप्प राही आणि बारशीला, म्हणजे द्वादशीला, तांबडं फुटायच्या आत उठून पहिली भाकर माझ्यात कुस्करत असे. हात घाईघाईनं चालायचे, जणू चोरी करते आहे.

सत्त्याहत्तर सालच्या उन्हाळ्यात चंद्रीला पिल्लं झाली. कडब्याच्या गंजीमागं पोतं अंथरून सोजरबाईनं तिची जागा केली होती. चंद्री आता तासातासाला पाण्याला यायची. माझं पोट सारखं रिकामं होई आणि सोजरबाई सारखं भरी. दूध पाजणाऱ्या आईला पाणी किती लागतं, हे ज्याला लेकरं झाली त्या बाईला सांगावं लागत नाही.

आणि नेमकी तेव्हा ज्येष्ठातली निर्जळी एकादशी आली. वर्षातली सगळ्यात कडक. त्या दिवशी पाण्याचा थेंबही घ्यायचा नसतो. मृग लागायला अजून अवकाश होता. ऊन असं, की चिमण्या भिंतीच्या सावलीत चोच वासून बसायच्या. त्या दिवशी देवळात सेवादासबुवांचं कीर्तन ठरलं होतं. बुवांचं नाव मोठं. मालेगावापासून कारंज्यापर्यंत लोक त्यांच्या कीर्तनाला गाड्या जुंपून जात. जानरावांनी मनात धरलं होतं, की बुवांना आपल्या दारी आणायचं, आपली चंद्री दाखवायची आणि तिच्या डोक्यावर बुवांचा हात ठेववून घ्यायचा.

सकाळीच जानरावांनी चंद्रीला निंबाला बांधलं आणि मला पालथं घातलं. सोजरबाई उंबऱ्यात उभी होती.

"आज नका बांधू तिले," ती म्हणाली. "लेकुरवाळी हाये ते. बाळंतिणीले कोणी उपास धरायले लावते का?"

"आजचाच त दिवस हाये," जानराव म्हणाले. "या एका दिवसात वर्षाच्या एकादश्यायचं पुण्य भेटते. तिचं भलं होऊन राह्यलं, तू काहून आडवी येतं?"

सोजरबाई आत गेली. जानराव टाळ घेऊन बुवांना आणायला मोटारस्टँडवर गेले.

सकाळी निंबाची सावली चंद्रीवर होती. पण सावली कोणाच्या बापाची बांधील नसते. दुपार झाली तशी ती सरकत भिंतीकडे गेली आणि दावं होतं आखूड. चंद्री उन्हात उरली. गंजीमागून रांगत आलेली पिल्लं तिला बिलगली होती. ती त्यांना पाजत होती आणि स्वतः धापा टाकत होती. जीभ लांब बाहेर आली, लाळ घट्ट झाली. मग ती उठली, पिल्लं लोंबकळत खाली पडली, आणि ती माझ्याकडे आली. तिनं नाकानं मला ढोसलं. पंजानं माझ्या कडेखालची माती उकरली. पुन्हा ढोसलं. मी पालथीच. पाथरवटानं माझं बुड सपाट केलं होतं ते मी लवंडू नये म्हणून. त्या दुपारी मला वाटलं, लवंडता आलं असतं तर किती बरं झालं असतं. ज्या डोणीनं तिला जगवलं, तीच डोणी आज तिच्यापुढे पाठ करून बसली होती.

उकरता उकरता तिचे मागचे पाय खचले. ती आडवी झाली ती पुन्हा उठली नाही.

पिल्लं कूं कूं करत तिला लुचत होती. आचळात काही नव्हतं. त्यांतलं सगळ्यात लहान, कपाळावर आईसारखाच डाग असलेलं, लुचायचं सोडून नुसतं मान टाकून पडलं. तो आवाज घरात पोचला असावा. सोजरबाई बाहेर आली. तिच्याही घशाला कोरड, ओठ सुकलेले. तिनं चंद्रीकडे पाहिलं असेल, लहानग्याकडे पाहिलं असेल आणि मग देवळाकडे. मारुतीच्या गाभाऱ्यात दिवा तेवत होता. किती वेळ ती तशी उभी होती मला सांगता येणार नाही. माझं तोंड मातीत होतं. मला फक्त तिच्या पायांचा भार जमिनीतून कळत होता. तो एका पायावरून दुसऱ्या पायावर जात होता.

आणि मग दोन हात माझ्या कडेखाली शिरले. मी उलटले. आधी डोळे दिपवणारं ऊन, नंतर रांजणातलं गार पाणी. धबधब करत माझ्या पोटात पडलं.

सोजरबाईनं दावं विळ्यानं कापलं. चंद्रीला दोन्ही हातांनी उचलून भिंतीच्या सावलीत नेलं. तिच्या तोंडात पाणी ओतलं नाही तिनं. बेशुद्ध जीवाच्या तोंडात पाणी ओतलं तर ते भलत्या वाटेनं जातं, हे तिला लेकींच्या तापात कळलेलं. तिनं लुगड्याचा पदर माझ्यात बुडवला आणि चंद्रीचं पोट, काखा, पायांचे तळवे ओले केले. पुन्हा बुडवला, पुन्हा ओले केले. मधूनमधून पदरानंच वारा घातला. ओठांवर ओलं बोट फिरवलं. लहानग्याला तिनं चोळीजवळ धरलं होतं आणि बोटाच्या टोकानं शेळीच्या दुधाचा थेंब थेंब त्याच्या जिभेला लावत होती. भुरी चुलीमागची जागा सोडून उंबऱ्यात येऊन बसली होती, शेपटी पायांभोवती गुंडाळून.

बऱ्याच वेळानं चंद्रीची जीभ हलली. ती पदर चाटू लागली. मग मान उचलली. सोजरबाईनं मला ओढत तिच्या तोंडाजवळ आणलं, आणि मित्रांनो, पुन्हा तो आवाज झाला. चप, चप, चप. दुष्काळातला.

"सावकास पी, माय," सोजरबाई म्हणत होती. "सारं तुहंच हाये."

नेमके त्याच वेळी जानराव बुवांना घेऊन अंगणात आले. मागे उकंडराव आणि गावातली चार माणसं. जानरावांनी कापलेलं दावं पाहिलं, उताणी डोणी पाहिली, पाणी पिणारी चंद्री पाहिली. त्यांचा चेहरा उतरला. एवढ्या माणसांत, बुवांच्या देखत.

"मोडला उपास," ते हळूच म्हणाले.

सोजरबाई उठली नाही. पदर ओला, केस सुटलेले. तिनं डोक्यावर पदर घ्यायचा प्रयत्न केला, पण तो चंद्रीच्या पोटावर होता.

"व्हय, म्या मोडला," ती म्हणाली. "पाप असन त माह्या माथी लागू द्या. माही एकादशी म्या धरली, मले कळते म्या काहून धरली. तिले कोणं इचारलं होतं?"

उकंडराव जमिनीकडे पाहू लागले. आपली एक थट्टा केवढी वाट चालून गेली, ते त्यांना तिथं कळलं असावं.

सेवादासबुवांनी खांद्यावरचं उपरणं काढून खुंटीला अडकवलं. एसटीतून उन्हातान्हाचे आलेले, तेही निर्जळी. ओठांवर पांढरी साय. ते रांजणाजवळ गेले, तांब्या बुडवला आणि माझ्यापाशी येऊन उकिडवे बसले. स्वतःच्या घशात कोरड आणि हातात भरलेला तांब्या. तो त्यांनी माझ्यात रिता केला. मग सोजरबाईकडे पाहून म्हणाले,

"माय, माहं आजचं कीर्तन तुमी आधीच करून टाकलं. आता मी रातच्याले काय सांगू?"

पण त्यांनी सांगितलं. दिवेलागणीला भोंगा बोलू लागला. पिल्लं आईच्या कुशीत पुन्हा लुचत होती आणि मी काठोकाठ भरलेली ऐकत होते. बुवांनी त्या संताची कथा लावली, तुम्हीही ऐकली असेल. कुत्र्यानं संताची भाकर पळवली, आणि संत काठी घेऊन नव्हे, तर तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावला, की देवा, कोरडी खाऊ नकोस. बुवांनी ती अशी रंगवली, की साऱ्या देवळानं 'विठ्ठल' म्हणून ताल धरला. मग त्यांनी वीणा थांबवली.

"आता सांगा," बुवा म्हणाले, "तो संत धावला, तवा त्यानं कुत्र्याले तिथी इचारली होती काय?"

टाळकऱ्यांच्या ओळीत एक टाळ थांबला होता. दुसऱ्या कोणाला कळलं नसेल. पण जानरावांच्या टाळाचा आवाज मी रोज ऐकत होते, तो मला ओळखू येई. अभंग पुन्हा उचलला गेला तरी तो टाळ लवकर सुरू झाला नाही.

कीर्तन संपल्यावर जानराव घरी आले. सोजरबाई अंगणात बसली होती. ते माझ्याजवळ बसले, माझ्या कडेखालची उकरलेली माती त्यांनी बोटांनी चाचपली. चंद्रीच्या नखांचे ओरखडे होते तिथे. ती माती त्यांनी हातानं सारखी केली आणि चंद्रीच्या डोक्यावर हात ठेवला. तिनं शेपटी हलवली. मित्रांनो, जनावर कधीच हिशेब ठेवत नाही. तो आपणच ठेवायचा असतो.

पुढच्या एकादशीला सकाळी एक नवल झालं. उपासाच्या घरात तवा चढला. सोजरबाईनं स्वतः पाणीसुद्धा घेतलं नव्हतं, तरी पीठ मळून एक भाकर थापली. खरपूस वास पारापर्यंत गेला. उकंडराव दुकानाबाहेर येऊन उभे राहिले. सवय कुठली सुटते?

"काय जानराव," ते म्हणाले, "एकादशीले भाकरीचा वास येऊन राह्यला. तुमची योगिनी बाटली का?"

जानराव भाकर ताकात कुस्करत होते, माझ्याच पोटात. मान वर न करता म्हणाले, "बाटली नाही, उकंडराव. तिच्या वाटची एकादशीबी आता मीच धरून राह्यलो."

उकंडराव दुकानात गेले, या वेळी पेढे नव्हे, तर दह्याचा गडवा घेऊन आले आणि तो सोजरबाईच्या हाती दिला.

ते लहानगं पिल्लू जगलं. बारशीच्या सकाळी त्यानं पहिल्यांदा आपल्या पायांनी चालून माझ्या कडेवर तोंड टेकलं, म्हणून त्याचं नाव बारश्या पडलं. जानराव चंद्रीला घेऊन कारंज्याच्या गुरांच्या दवाखान्यात गेले, कुत्रं पिसाळू नये म्हणून द्यायची सुई देऊन आणली, पिल्लांसाठी जंताचं औषध आणलं. तिथं जे ऐकलं ते मग पारावर बसून, टाळ नसताना, कीर्तनासारखं सांगायचे. कोंबडीचं शिजलेलं हाड देऊ नका, ते आतड्यात रुततं. कांदा देऊ नका, पेढा तर नकोच. बांधायचं असेल तर सावली कुठं सरकते ते आधी पाहा. आणि शेवटी हात वर करून म्हणायचे, पाणी कधी तोडू नका. ऐकणारे हसायचे, पण घरी जाऊन आपापल्या दारातली भांडी भरायचे. कामरगावात त्या उन्हाळ्यापासून किती दारांत पाण्याची मडकी दिसू लागली, ते मी तुम्हाला काय सांगू. चिमण्यांनाही चोच वासून बसायची पाळी राहिली नाही.

चंद्री म्हातारी होऊन, भरल्या पोटी, याच निंबाखाली गेली. बारश्याही आपलं आयुष्य जगला. जानरावांचे टाळ देवळातल्या खुंटीवर आहेत. सोजरबाईही देवाघरी गेली. मी अजून इथंच आहे, उताणी, आभाळाकडे तोंड करून. माझ्या आतल्या बाजूला बोट फिरवून पाहा. किती गुळगुळीत आहे! ते छिन्नीचं काम नाही. त्या साऱ्या जिभांचं आहे.

मित्रांनो, माझी कथा संपली. आता आरतीच्या ताटात काही टाकू नका. मला एवढंच द्या. तुमच्या घरी उपास असेल, तेव्हा तुमच्या दारातल्या कुत्र्याचं, मांजराचं भांडं आधी पाहा. उपास तुमचा आहे, भूक त्यांची आहे. त्यांना बोलता येत नाही, भांडं उलटता येत नाही. भांडं रिकामं असेल तर भरा. पालथं असेल तर उताणं करा. आणि त्यात पाणी पडताना जो आवाज होईल, तो ऐकताना एकदा, मनातल्या मनात का होईना, आमच्या सोजरबाईची आठवण काढा.